अवेळी सर

टेस्टची वेळ पाळायची नाही, एवढी एकच शिस्त आमचे जीवशास्त्राचे सर पाळत. म्हणून त्यांचं नाव अवेळी सर. लातूरच्या आमच्या क्लासमध्ये बाकीचे सर शिकवलं की त्याच संध्याकाळी टेस्ट घेत. आम्ही ताजी ताजी उत्तरं लिहायचो, रविवारी घरच्यांच्या मोबाइलवर मार्क जायचे, घरचे खूश. अवेळी सर मात्र धडा संपला की फळा पुसत म्हणायचे, "आज नको. आज समद्यालाच येतंय. जरा इसरून या, मग इचारतो."

आणि विचारायचे ते कुठंही. मेसच्या रांगेत, झेरॉक्सच्या दुकानात. एकदा तर दाढ दुखते म्हणून मी गाल धरून उभी होते, तर तीन आठवड्यांपूर्वीचं मूत्रपिंड उकरून काढलं. उदगीरचा हा उंच माणूस दिसला की आम्ही मुली रस्ता बदलायचो. उत्तर चुकलं तर रागवायचे नाहीत, उलट खुलायचे. "आता बसंल डोक्यात," म्हणायचे आणि उत्तर न सांगताच चालू लागायचे. ते शोधून काढेपर्यंत घास गोड लागत नसे.

माझं ते मेडिकलच्या 'नीट' परीक्षेचं दुसरं वर्ष. यंदा नाही झालं तर किनवटला परत ये, असं बाबांनी निक्षून सांगितलेलं. अवेळी सरांच्या टेस्टमध्ये मला निम्मेही मार्क पडेनात. जीव थाऱ्यावर नव्हता. शेवटी मीच बाबांना सांगितलं, सर नीट शिकवत नाहीत. बाबांनी क्लासच्या मालकांना फोन केला. संक्रांतीनंतर सर यायचे बंद झाले. नवे सर त्याच दिवशी टेस्ट घेत. मार्क वाढले, मला झोप लागू लागली.

खऱ्या पेपरात नव्या सरांचं निम्मं आठवेना. मूत्रपिंड मात्र ठणकत्या दाढेसकट आठवलं. तेवढ्यावर, अगदी काठावर, नांदेडच्या मेडिकलला नंबर लागला.

मागच्या महिन्यात नांदेडच्या बसस्टँडवर सर दिसले. पाय आपोआप दुसरीकडे वळले होते, ते मी मागे ओढले आणि फोनचं सगळं सांगून टाकलं.

"ठाऊक हाय," सर म्हणाले. "मालकानं तवाच नाव सांगितलं होतं."

"मग तेव्हाच का नाही विचारलंत, सर?"

"तवा इचारलं असतं तर पाठ केलेली माफी मागितली असतीस, बेटा."

उदगीरची गाडी लागली, सर चढले. खिडकीतून आता काहीतरी विचारतील म्हणून मी डोळे पुसत उभी राहिले. त्यांनी काहीच विचारलं नाही.