मठ्ठ्याचे यज्ञेश्वरकाका

यज्ञेश्वरकाका पुण्याहून ट्रॅव्हल्सने यवतमाळला उतरले, तेव्हा त्यांच्या बॅगेतून मठ्ठा वाढायच्या पितळी ओगराळ्याचा दांडा हातभर बाहेर डोकावत होता. निघताना मंदारने, म्हणजे त्यांच्या मुलाने, विचारलंही होतं, "बाबा, लग्नाला चाललात की लढाईला?" काकांनी बॅगेची चेन दांड्यापर्यंत ओढली. यवतमाळच्या लोहारा रस्त्यावरच्या त्यांच्या जुन्या गल्लीत नवरदेवाशिवाय एखादं लग्न लागलं असतं, पण काकांच्या मठ्ठ्याशिवाय नाही, हे पुण्यात कोणाला पटणार?

जिल्हा परिषदेतली कारकुनी हा त्यांचा जोडधंदा. खरं काम मठ्ठा. ड्रमभर दही घुसळायचं, आलं-मिरची कोणी वाटली तरी नावं ठेवायची, मीठ मात्र स्वतःच्याच हाताने घालायचं. मग ओगराळं घेऊन पंगतीत शेरे मारत फिरायचं. "नवरदेवाच्या मामाले दोन वाट्या द्या रे, राग थंडा होऊ द्या त्यायचा!" शोभाकाकू पंगतीतूनच ओरडायच्या, "अहो, आधी वाढा, मग बोला!"

काकू गेल्या, घर विकलं, मंदार काकांना पुण्याला घेऊन गेला. आता सातव्या मजल्यावर काका एका वाटीपुरतं ताक करतात.

गल्लीचा एक कायदा होता. लग्नात टोपी-दुपट्ट्याचा आहेर बाहेरच्यांना करायचा, गल्लीतल्याने गल्लीतल्याला नाही. काका म्हणायचेच, "ज्याच्या डोक्यावर टोपी, त्याच्या हातात बादली नाही." टोपीवाल्याने बसून खायचं, बिनटोपीच्याने राबायचं. काकांना आयुष्यात कोणी टोपी घातली नव्हती.

यंदा पूनमसिंगच्या उर्वशीचं लग्न. पूनमसिंग म्हणजे भिंतीला भिंत लागलेला शेजारी, आणि ही पोरगी काकांच्या मांडीवर बसून मठ्ठ्याच्या मिशा काढायला शिकलेली. म्हणून काका दोन दिवस आधीच हजर. दही विरजायला वेळ नको?

पण मे महिना, ऊन असं की कावळाही सावली सोडेना, आणि दर तिसऱ्या घरी मांडव. पूनमसिंग भेटला तो स्कूटरवरच, तोंडाला दुपट्टा गुंडाळून.

"आले का काका! लॉजवर रूम ठेवली तुमच्यासाठी, एसीची."

"लॉजवर काहून? अन् दह्याचं कसं करून राह्यला तू?"

"केटरर्सले देलं न सारं! तुम्ही टेन्शनच नका घेऊ. आराम करा."

स्कूटर गेलीसुद्धा.

काकांनी आराम केला. एसीने अंग आखडेपर्यंत केला. संध्याकाळी गल्लीत गेले तर दाराला दार कुलूप. सगळे कोणाच्या तरी हळदीला. काकांच्या विकलेल्या घराला जांभळा रंग, वर कोचिंग क्लासची पाटी. तुळशीच्या जागी सायकली. काका आपल्याच ओट्यावर टेकले, तर आतून एक मॅडम आल्या. "आजोबा, नातवाच्या ॲडमिशनसाठी आलात का?"

"नाही," काका म्हणाले, "जरा उन्हाचा बसलो होतो." सूर्य मावळून गेला होता.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या आणि काका ओगराळं घेऊन थेट हॉलच्या मागच्या स्वयंपाकाकडे निघाले. हातमोजे घातलेल्या केटररने वाट अडवली. "बाबूजी, पाहुणे तिकडे." तेवढ्यात पूनमसिंग धावत आला आणि त्यांना हाताला धरून कूलरसमोरच्या खुर्चीवर नेलं. "काका, तुम्ही कायले उठता? बसा न!" ओगराळं खुर्चीखाली गेलं.

मग माईकवरून पुकारा झाला. "पुण्याहून आलेले आपले खास पाहुणे, यज्ञेश्वरकाका!" पूनमसिंगच्या हातात टोपी, डोळ्यांत पाणी. एवढ्या लांबून, उन्हातान्हाचे आले म्हणून. अशा माणसाला नाही कसं म्हणायचं? काकांनी मान खाली केली.

ताट जागेवर आणून दिलं. वाटीत मठ्ठा होता. काकांनी घोट घेतला आणि बिजलीबाई समोर उभी. नवरीची आई, पदर खोचलेला, घामाने डबडबलेली, कमरेवर हात. मिठावरून काकांशी दर लग्नात भांडणारी गल्लीत ती एकटीच.

"सांगा काका, कसा झाला मठ्ठा?"

मठ्ठ्यात मिठाचा कण नव्हता; मीठ मुद्दाम काकांच्या हातासाठी राखलेलं. बिजलीबाईच्या मागे गल्लीतली लालीबाईही हातातलं काम टाकून थांबली होती, ओठ दाबून हसत. काकांनी नुसतं नाक मुरडलं असतं तर मिठाचा डबा पळत आला असता, ओगराळं बाहेर निघालं असतं.

पण डोक्यावर टोपी होती, खांद्यावर नवा दुपट्टा कडकडत होता. काकांच्या तोंडून निघून गेलं, "छान झालाय हो. फारच छान."

बिजलीबाईचे हात कमरेवरून खाली आले. ती क्षणभर तशीच थांबली, अजून काही येईल म्हणून.

"बरं झालं मग," ती म्हणाली. "जेवा सावकाश." आणि पुढच्या पाहुण्यांकडे वळली.

काकांनी तो अळणी मठ्ठा शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग वाकून, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या पायात येऊ नये म्हणून, ओगराळ्याचा दांडा खुर्चीखाली आत सरकवला.