तालुक्यातलं सर्वात उंच ठिकाण

काही माणसं काडेपेट्यांवरची चित्रं जमवतात, मी उंच जागा जमवायचो. प्रत्येक राज्यातल्या सर्वात उंच ठिकाणी जायचं, वर उभं राहून खाली बघायचं, बांधून नेलेली शिदोरी सोडून खायची आणि उतरायचं, एवढाच छंद. परभणीसारख्या सपाट मुलखात राहून हा नाद कसा लागला ते विचारू नका. मी भूगोलाचा मास्तर होतो आणि माझं लग्न झालेलं नव्हतं, एवढं कारण पुरे.

अडचण अशी होती की त्या दिवसांत राज्यंच एका जागी राहत नव्हती. निजामाचं राज्य गेल्यावर मी मोठ्या उत्साहानं, हैदराबाद राज्यातलं सर्वात उंच ठिकाण कोणतं, असा अर्ज केला. अर्ज या कचेरीतून त्या कचेरीत हिंडत राहिला. उत्तर हाती येईपर्यंत राज्याचे तीन तुकडे झाले होते आणि आम्ही मुंबई राज्यात जाऊन पडलो होतो. शाळेच्या भिंतीवरचा नकाशा उर्दूतला. त्याच्यावर मी मराठी चिठ्ठ्या डकवल्या होत्या, आता त्या चिठ्ठ्यांवर दुसऱ्या चिठ्ठ्या चढल्या. मुंबई राज्याच्या शिखरावर जाण्यासाठी रजा मागितली, तर हेडमास्तर म्हणाले, "थांबा जरा, हे राज्यही मोडणार म्हणतात." मी वैतागलो आणि राज्यांचा नाद सोडून तालुक्यांवर आलो. तालुका बिचारा कुठं पळून जात नाही.

वालूरच्या बाजारात मी विचारलं, इकडची सगळ्यात उंच जागा कोणती? एका व्यापाऱ्यानं मला आपल्या दुकानाच्या माडीवर नेलं. पेडगावच्या शिवारात एका शेतकऱ्यानं बराच विचार करून स्वतःचा बांध दाखवला. मी दोन्ही ठिकाणी चढलो. छंदात निवड करून भागत नाही.

खरा डोंगर मिळाला तो गंगाखेड तालुक्यात, राणीसावरगावाच्या पलीकडं. एका लहान गावाच्या डोक्यावर गवताचं टेकाड होतं. मी ऐन वैशाखात वर पोचलो, तेव्हा तिथं एक मेंढपाळ मेंढरं चारत होता. वयानं माझ्यापेक्षा मोठा, खांद्यावर घोंगडी. माझ्या हातात गवंड्याकडून मागून आणलेली पाणसळ होती. ती आडवी सरळ धरून तिच्या रेषेत बघितलं की समोरची टेकडी आपल्याहून उंच की बुटकी ते कळतं.

"काय हुडकायलाव, गुरुजी?" त्यानं विचारलं.

"तालुक्यातली सगळ्यात उंच जागा."

"घावल्यावर काय करनार तिचं?"

"काही नाही. बघणार."

"मंग बघा," तो म्हणाला आणि त्यानं पाणसळीचं दुसरं टोक धरलं. उन्हाच्या झळांनी समोरचं सगळं हलत होतं, पण मला घाई होती. हीच जागा सगळ्यात उंच, असा निकाल मी देऊन टाकला. मग त्याच्याच मदतीनं एक लांबट दगड उभा केला आणि लाल रंगानं त्याच्यावर ठळक अक्षरांत लिहिलं : तालुक्यातील सर्वोच्च ठिकाण. खाली नाव घातलं नाही. तेवढा विनय माझ्यात होता, आणि तोच पुढं नडला.

दोन वर्षांनी दिवाळीनंतर पुन्हा तिकडं गेलो. पायथ्याशीच गावच्या पाटलांनी अडवलं. "चपला काढा गुरुजी. वर देव हाय."

अनवाणी वर गेलो. माझ्या दगडाला बोटभर शेंदूर चढला होता. नारळाच्या करवंट्यांचा ढीग, वर भगवं निशाण. देवाचं नाव उंचोबा. डोंगरावर उभा दगड, त्याच्यावर लाल रंग, मग आमच्याकडं आणखी काय होणार? त्यात गावातल्या कोणी अक्षरं वाचून दाखवली. खाली कोणाचं नाव नाही, म्हणजे दगड सरकारी. पाटील मला अभिमानानं सांगत होते, "नव्या सरकारनं सोता येऊन लिवलंय. सगळ्या तालुक्यात आमचाच देव उंच हाय." निजामाच्या अमलात ज्या गावाकडं कोणी ढुंकून बघितलं नव्हतं, त्याला नव्या राज्यात एवढा मान मिळाला होता. दगड माझा आहे, असं सांगायचं धाडस मला झालं नाही.

उतरताना तो मेंढपाळ भेटला. उघड्याबोडक्या पडीक रानात पाच-सात मेंढरं घेऊन उभा होता.

"बाकीची कुठं गेली?" मी विचारलं.

"इकली. उंचोबावर मेंढरं चढवायची न्हाईत म्हनं. लेंड्या पडतेत, इटाळ व्हतो. चांगलं गवत तर तितंच व्हतं." त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चूक सुधारायची म्हणून मी पुन्हा वर गेलो आणि याही खेपेला बरोबर आणलेली पाणसळ लावली. आता हवा स्वच्छ होती. पलीकडचं टेकाड याच्याहून चांगलं पुरुषभर उंच निघालं. मी आनंदानं धावतच खाली आलो. "अहो, ही जागा सगळ्यात उंच नाहीच. पलीकडची आहे. आत्ताच गावाला सांगतो, म्हणजे हा दगड उठेल आणि तुमचं गवत मोकळं होईल."

त्यानं खांद्यावरची घोंगडी सारखी केली. मग सावकाश म्हणाला, "देव उठत नसतो, गुरुजी. ह्यो ऱ्हाईलच. अन् तुमी सांगितलं की तितं दुसरा देव बसंल. मी आता त्याच टेकाडावर चारायलोय. तेवढंच ऱ्हायलंय."

गावाबाहेरच्या लिंबाखाली पाटील आणखी चारजणांबरोबर बसले होते. मेंढपाळ माझ्या मागं थोड्या अंतरावर मेंढरं हाकत येत होता.

"मोजलं का, गुरुजी?" पाटलांनी विचारलं.

"मोजलं."

"मंग?"

"तुमचाच उंच आहे."

पाटलांनी सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं. "अन् ते पल्याडचं?"

"ते बरंच बुटकं आहे," मी म्हणालो. "तिथं नुसतं गवत आहे."

मेंढपाळानं ते ऐकलं. माझ्याकडं न बघता त्यानं मेंढरं पलीकडच्या टेकाडाच्या वाटेला वळवली.