नऊ वाचला गेलेला एक

ती बाटली माझी होती. वीस वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं – बायकोलाही नाही. आता सांगतोय, कारण याच गोष्टीची खोटी आवृत्ती मी गेल्या महिन्यात भर कार्यक्रमात सांगितली, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

आमचे जर्मन प्रोफेसर वारले. पेशीविज्ञानातलं मोठं नाव. हृदयाची पेशी कॅल्शियम कसं आत घेते, याची त्यांची आकृती आजही पाठ्यपुस्तकांत आहे. इथे ओहायोत मी त्यांच्या लॅबमध्ये सहा वर्षं काढली आणि सहाही वर्षं त्यांचा द्वेष केला. तुमची महिनाभराची मेहनत ते मायक्रोस्कोपखालून उचलायचे आणि एक शब्द न बोलता, तुमच्यादेखत कचऱ्यात टाकायचे. माझं नाव त्यांनी कधी नीट उच्चारलं नाही. आजही मला त्यांच्याबद्दल माया नाही – पण असा माणूस दोष द्यायला किती सोयीचा असतो, हे मला चांगलं ठाऊक आहे.

लॅबमध्ये मराठी आम्ही दोघंच. पुण्याचा मी आणि नागपूरची सुजाता. बाकीचे आमची द्रावणं न विचारता वापरायचे, म्हणून बाटल्यांवर आकडे मराठीत लिहायची युक्ती मी काढली. सुजाता हसायची. "यार, तुझा एक सरळ इंग्रजी नऊ दिसतो. कुणीतरी फसेल एक दिवस."

प्रोफेसरच फसले. माझी बाटली त्यांनी उचलली, १ हा आकडा नऊ म्हणून वाचला, आणि नऊपट कॅल्शियममध्येही पेशी मजेत जगताहेत असं त्यांना दिसलं. जगणारच – बाटलीत कॅल्शियम एकपटच होतं. त्यांनी ते परिषदेत जाहीर केलं, मग सगळ्यांसमोर मागे घेतलं. एवढ्या मोठ्या माणसाचं हसं झालं.

त्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. टेबलावर बाटली. हा आकडा कुणी लिहिला, एवढंच विचारलं. आवाजही चढवला नाही. मी बोलेन म्हणून सुजाता थांबली होती. नोकरी गेली की व्हिसा जाणार होता – माझा. आणि तिचा? तिचाही.

मी म्हणालो, द्रावणं सुजाता करते. इथे थांबलो असतो तर नुसता भित्रा ठरलो असतो. पण मी पुढे इंग्रजीत एक वाक्य जोडलं – तिचं बेसिक कच्चं आहे.

जर्मन माणसाला त्यात काय कळणार? पण तिला कळलं. सुजाता बौद्ध घरातली. 'कोट्यातून आलेली' असं उघड न म्हणता तेच म्हणायची आमच्याकडची ही सभ्य पद्धत, आणि शाळेपासून तिनं ती ऐकलेली. मी ती कुठे शिकलो? घरीच, जेवणाच्या टेबलावर. 'हे माझं अक्षर नाही,' सुजाता एकदाच म्हणाली. प्रोफेसरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बाटलीकडे पाहत राहिलो.

तिचा करार वाढवला गेला नाही. ती नागपूरला परतली.

आणि गेल्या महिन्यात, इथे ओहायोतल्याच डब्लिन गावात, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मी काय सांगितलं? एका प्रसिद्ध जर्मनानं एका दलित मुलीचं करिअर कसं संपवलं ते. मेलेला माणूस उत्तर देणार नव्हता. संपल्यावर एक काका जवळ आले, माझा हात हातात घेतला. "बरं झालं रे, त्या पोरीची बाजू कुणीतरी मांडली."

मी त्यांना "थँक यू, काका" म्हणालो. तेही म्हणालो.

दोन दिवसांनी सुजाताचा नंबर मिळवून फोन केला. ती आता कॉलेजात शिकवते. माझं नाव सांगितल्यावर ती "बोल" एवढंच म्हणाली.

"सुजाता, तो एक माझा होता, आणि त्या खोलीत मला ते माहीत होतं. तुझं बेसिक कच्चं नव्हतं. तसं म्हटलं की तुझ्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून मी म्हणालो. मी तुझी माफी मागतो."