सरकारने दिलेला हातमाग

ठाण्यात आलेल्या कितीतरी फिर्यादी मी विसरून गेलो. दरोडे विसरलो, खूनही विसरलो. एका हातमागाच्या अफरातफरीचं प्रकरण मात्र अजून डोक्यातून जात नाही, आणि खरं सांगायचं तर त्यात अफरातफर झालीच नव्हती.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. भंडारा जिल्ह्यात, पवनी तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी फौजदार होतो. तुरुंगातली गर्दी कमी करायचं तेव्हा सरकारने मनावर घेतलं होतं. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्याला अटींवर लवकर सोडायचं आणि तो पुन्हा गुन्ह्याकडे वळू नये म्हणून धंद्यासाठी अनुदान द्यायचं. रोख रक्कम दारूत जाते, म्हणून वस्तूच द्यायची. कोणाला शिवणयंत्र मिळे, कोणाला सुताराची हत्यारं. आमच्या हद्दीतल्या एका विणकराला हातमाग मिळाला.

या माणसाने तरुणपणी घराच्या वाटणीवरून सख्ख्या भावाच्या डोक्यात लाकूड घातलं होतं. भाऊ जागीच गेला. जन्मठेप झाली. आत असताना त्याच्याविरुद्ध एकही तक्रार नव्हती, म्हणून मुदतीआधी सुटला. अटी कडक होत्या. माग विकायचा नाही, घरातून हलवायचा नाही, दर बाजाराच्या दिवशी ठाण्यात हजेरी द्यायची. यातली एक जरी मोडली, तरी उरलेली शिक्षा भोगायला परत आत.

खबर दिली त्याच्याच गल्लीतल्या एका माणसाने. "साहेब, त्याच्या घरी सरकारी माग नाही. दिवाळीपासून नाही." पुढे त्याच्या पोटातलं ओठावर आलं. "आमी कोनाचा खून नाही केला, म्हनून आमाले सरकार काई देत नाही. त्याले भेटला, तं त्यानं इकून खाल्ला!"

हवालदाराला घेऊन मी त्याच्या घरी गेलो. खोली रिकामी होती. मागाखालचा, विणकराने पाय सोडायचा खड्डा बुजवून वर शेणाने सारवलेलं होतं. अनुदान देणाऱ्या कार्यालयाला कळवलं, त्यांची लेखी फिर्याद आली आणि मी त्याला ठाण्यात आणलं.

"माग कुठे आहे?"

"इकला जी."

"कोणाला?"

"सिहोऱ्याच्या बाजारात, एका मानसाले. नाव मालूम नाही."

"कितीला विकला?"

तो म्हणाला, "लिवा ना साहेब, इकला म्हनून. मी अंगठा देतो."

तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. चोरी केलेला माणूस शेवटपर्यंत नाही म्हणतो, आणि कबूल करायची वेळ आली तरी निम्मंच करतो. कबुलीची एवढी घाई मी कोणाला पाहिली नव्हती. हवालदार म्हणाला, "सायेब, हा खोटं बोलून राहिला. पन स्वतावरच कायले खोटं बोलते?"

बोटांचे ठसे घ्यायला त्याला टेबलाशी उभं केलं. शाई लावायच्या आधी हवालदाराने त्याचे हात पुसले, आणि मला दिसलं की बोटांच्या पेरांवर ताजा हिरवा रंग आहे. नखांत पांढरी खळ होती, विणकर ताण्याच्या उभ्या सुताला लावतात ती. दिवाळीत माग विकून बसलेल्या माणसाच्या नखांत शिमग्याच्या तोंडावर ताजी खळ कुठून येणार?

मी त्याचा हात धरूनच विचारलं, "कोणाच्या घरी विणतोस?"

एवढा वेळ ताठ उभा असलेला तो माणूस खाली बसला आणि त्याने माझे बूट धरले. "साहेब, मले आत टाका. जल्मभर टाका. पन तिकडं जाऊ नका जी. त्या घराले हात लावू नका."

मग सगळं बाहेर आलं. सुटल्यावर त्याने माग मांडला, पण खुन्याला सभासद करायचं नाही म्हणून विणकर सोसायटीने सूत द्यायला नकार दिला. मजुरी करून त्याने स्वतः सूत आणलं, दोन लुगडी विणली आणि अड्याळच्या बाजारात नेली. बायका पदर हातात घेत, काठ निरखत, विणलं कोणी म्हणून विचारत, आणि लुगडं खाली ठेवून निघून जात. चांगलं लुगडं घ्यायचं ते लग्नासाठी. भावाला मारलेल्या हाताचं लुगडं नवरीच्या अंगावर कोण घालील?

दोन कोसांवर त्याची बहीण राहत होती. तिचा नवरा सोसायटीचा सभासद होता, पण दम्याने खंगला होता, मागावर बसणं त्याला होत नव्हतं. माग सुटा करून कडब्याच्या गाडीतून बहिणीकडे गेला. सूत मेहुण्याच्या नावावर येई, लुगडी त्याच्याच नावाने विकली जात, आणि हा दार लावून आत विणत बसे. लुगडी हातोहात खपत. भाचीचं लग्न ठरलं होतं.

"मी आत गेलो तं काई बिघडत नाही," तो म्हणाला. "पोरीचं लगन मोडंल ना साहेब."

सरकारला जे हवं होतं तेच तो करत होता. फक्त लपून करत होता. पण मुद्देमाल हजर केल्याशिवाय फिर्याद निकाली निघत नाही, आणि न केलेल्या गुन्ह्याची कबुली लिहून घेऊन माणूस आत पाठवायला मी फौजदार झालो नव्हतो. शक्य तेवढी काळजी घेतली. पंच दुसऱ्या गावचे घेतले, आम्ही साध्या कपड्यात गेलो. पण माग काही खिशात घालून आणता येत नाही. पंचनामा झाला, माग बैलगाडीवर चढला आणि गल्ली दोन्ही बाजूंनी माणसांनी भरली.

बहीण उंबऱ्यात उभी होती. गाडीतल्या मागावर अर्धं विणलेलं हिरवं लुगडं तसंच होतं. ती मला म्हणाली, "साहेब, तो कामच करून राहिला होता ना जी? मंग गुन्हा कोनता?"

मी गाडीवानाला निघायची खूण केली. 

माग विकलेला नाही, पोटासाठी हलवला होता, पहिल्या वेळेला माफ करावं, असा अहवाल मी पाठवला. पुन्हा जागा बदलू नये अशी ताकीद देऊन वरून प्रकरण मिटवलं गेलं आणि माग त्याच्या घरी परत मांडून दिला. कागदावर सारं ठीक होतं. इकडे बाजारात विकलेली लुगडी बहिणीच्या दारात परत येऊन पडू लागली. त्या लुगड्यात लग्न लागलेल्या एका सुनेला कावीळ झाली, त्याचंही खापर त्याच्यावरच फुटलं. सोसायटीने मेहुण्याचं सूत बंद केलं. भाचीची सोयरीक मोडली. बहिणीने भावाला निरोप धाडला की या दारात पुन्हा येऊ नको.

लाभार्थ्याच्या ताब्यात माग सुस्थितीत आहे, असं त्या कार्यालयाने लिहिलं आणि समाधान व्यक्त केलं.

सुटलेल्या माणसाला सरकार माग देऊ शकतं, सूतही देऊ शकलं असतं. त्याच्या हातचं लुगडं घेईल असं गिऱ्हाईक कोणत्याच अनुदानातून देता येत नाही, हे मी त्या प्रकरणात शिकलो. शिकून उपयोग काहीच झाला नाही. पुढे अशी आणखी माणसं माझ्यासमोर आली आणि मी त्यांच्या हजेऱ्या घेत राहिलो.

तो दर बाजाराला ठाण्यात येत असे. अंगठा देऊन झाला तरी व्हरांड्यातल्या बाकावर बसून राही. बोटं आता स्वच्छ होती. एकदा मी बाहेर पडत असताना तो उठून उभा राहिला.

"साहेब, माह्यावर काई तक्रार नाही आली का जी?"

"नाही. तू निर्दोष आहेस. जा घरी."

त्याचा चेहरा पडला. त्याची नजर माझ्या मागे कोठडीच्या दाराकडे गेली.

"पाहा ना साहेब एकदा," तो म्हणाला. "कोनी तरी देल्ली असंल."