पटावरचा पहिला

किल्ल्यांचा जुडगा उजव्या कानशिलावर दोनदा टेकवायचा, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचं, "नोंद हाय की!" आमच्या हायस्कूलचे शिपाईमामा कुठल्याही प्रश्नाला आधी हे उत्तर देत. खरं उत्तर त्यानंतर यायचं.

आठवी 'ब'चा पंखा कधी बंद पडला? नोंद हाय की. गॅदरिंगला पडदा कुणाच्या डोक्यावर पडला? नोंद हाय की. पडदा पडला तेव्हा त्या गृहस्थांच्या तोंडात पेढा होता, हेही ते सांगत. मी पडलो इतिहासाचा शिक्षक. पुराव्याशिवाय बोलू नका, असं पोरांना बजावण्यात माझी वीस वर्षं गेली आहेत. त्यामुळे मामांशी माझं पहिल्याच आठवड्यात वाजलं. "मामा, नोंद आहे तर दाखवा," मी म्हणालो. जुडगा पुन्हा कानशिलाला लागला. "हितं हाय. बगताय व्हय?"

कागदोपत्री मामा निवृत्त झाले होते, पण ते फक्त कागदांनाच ठाऊक होतं. रोज सकाळी साडेदहाला इस्त्रीची टोपी घालून ते हजर असत आणि पहिला टोल तेच देत. नवा शिपाई बिचारा हातात लोखंडी दांडा घेऊन बाजूला उभा राहायचा. जुन्या कपाटांच्या किल्ल्याही मामांकडेच. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "निवृत्त मी झालोय सर. किल्ल्या न्हाय झाल्या."

आज तुम्ही आमच्या उपनगरात आलात तर शाळा शोधावी लागेल. दोन्ही अंगांना पाच-पाच मजली अपार्टमेंट आणि मधे आमचं फाटक. पूर्वी इथं सगळा ऊस होता आणि शाळा भरायची ती एका गुऱ्हाळघरात. हंगाम सुरू झाला की शाळा उठून शेजारच्या तालमीत जायची. दुपारी पैलवान झोपलेले असत, म्हणून कविता हळू आवाजात म्हणाव्या लागत. हा सगळा इतिहास मला मामांनी सांगितला.

एकदा म्हणे ऐन हंगामात तपासणीला साहेब आले. मास्तरांनी त्यांना गरम काकवी दिली. साहेबांनी हजेरीपट मागितला, तर त्यावर आधीच कुणीतरी काकवी सांडलेली आणि सगळ्या पानांवर मुंग्या. साहेब म्हणाले, "उपस्थिती उत्तम आहे." पुढच्या खेपेला मामांनी हीच गोष्ट सांगितली तेव्हा साहेब दोन झाले होते आणि त्यातला एक गुळाच्या काहिलीत पडता पडता वाचला होता. मी हरकत घेतली. मामा चिडले. "सर, इतिहास तुमचा इषय. शाळा माझी."

पण एका बाबतीत हा माणूस माझ्यापेक्षा फार मोठा होता, हे मला मान्य केलंच पाहिजे. कुणी पोर आठवडाभर आलं नाही की मामा सायकल काढत. दहावीतली एक मुलगी अशीच घरी बसली होती. बापानं दोन म्हशी वाढवल्या होत्या आणि घरात हात कमी. त्या दिवशी मीही मागून गेलो. मामांनी उंबऱ्यावर बसकण मारली, चहा मागितला, प्यायले, पुन्हा मागितला.

"म्हशीचं कोण बगणार पावणं?" बाप म्हणाला.

"म्हस सकाळी पिळायची आन् सांजंला. शाळा अकरा ते पाच. कुटं आडवी येतीया?" मग आत डोकावून मुलीला म्हणाले, "एवढा म्हातारा झालो, म्या अजून शाळा सोडल्याली न्हाय. तू कोण टिकोजीराव लागून गेलीस गं?"

मुलगी फिसकन हसली. बापही हसला. तिसऱ्या चहाला दूध संपलं आणि मुलगी सोमवारपासून वर्गात आली. शाळा न सोडल्याचं हे वाक्य मामा प्रत्येक दारात म्हणत आणि प्रत्येक दारात लोक हसत. मीही हसायचो. म्हातारा विनोदी आहे, एवढाच माझा समज.

पुढं शाळेचा सुवर्णमहोत्सव आला. स्मरणिकेत शाळेचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. पहिल्या विद्यार्थ्याचा सत्कार करायचं ठरलं, म्हणून मी मामांकडे पहिलं जनरल रजिस्टर मागितलं. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येकाची त्यात ओळ असते: आला कधी, गेला कधी, कशासाठी गेला.

"त्ये वाळवीनं खाल्लं," मामा म्हणाले.

आठवड्यानं पुन्हा मागितलं. "त्ये पुरात भिजलं."

"मागं वाळवी म्हणाला होता."

"आदी भिजलं. मग खाल्लं."

जुडगा कानशिलाकडे गेला नाही, हे माझ्या लक्षात आलं. तेवढ्यात गावातले एक बांधकामवाले शेठ पुढं आले. पहिला विद्यार्थी मीच, असं त्यांनी छातीठोक सांगितलं आणि फेट्यातला फोटोही पाठवला. मी मामांना म्हटलं, "चला, प्रश्न मिटला. शेठचं नाव छापतो."

"त्यो?" मामा उसळले. "त्यो सातवा! नोंद हा..." आणि त्यांनी जीभ चावली.

मग त्यांनी कोपऱ्यातलं कपाट उघडलं. रजिस्टर फडक्यात बांधलेलं होतं. वाळवी नाही, पाणी नाही. पहिल्या पानावर, एक नंबरला, मामांचं नाव. इयत्ता नववी. शाळा सोडल्याची तारीख: कोरी. कारण: कोरं.

"नववीत हुतो आन् वडील हातरुणाला खिळलं," मामा म्हणाले. "त्येंच्या जागी काहिलीवर मी हुबा ऱ्हायलो. हेडसर म्हनले, नाव कमी करत न्हाय, ये परत. आलतो की. चार वर्सांनी, शिपाई म्हनून. नाव तेवढं पटावर ऱ्हायलं. नवा क्लार्क आला की रकानं भराय बगायचा. मग मी ह्ये आत ठेवलं."

"पण लपवायचं कशाला?"

"तारीख पडली की मी बी सोडणाऱ्यातलाच की वो. मग कुणाच्या दारात काय तोंडानं बोलू?"

मला त्या क्षणी स्वतःच्या हसण्याची फार लाज वाटली. स्मरणिकेत मी छापलं, 'पहिल्या विद्यार्थ्याचा शोध चालू आहे.' शेठ रुसले. आयुष्यात मी पुरावा दडवला तो एवढाच.

जूनमध्ये मामा ऑफिसात आले. टोपी हातात. नात बारावी झाली होती, तिला इंजिनिअरिंगला जायचं होतं. जातीच्या दाखल्याला आजोबांच्या शाळेचा कागद हवा होता. शाळेनं रजिस्टरचा उतारा दिला होता, पण रकाने कोरे म्हणून कचेरीनं तो परत पाठवला. मुदतीला चारच दिवस राहिले होते.

आमच्या मुख्याध्यापिका बाई नियमाच्या पक्क्या. रिकामा रकाना दिसला की त्यांचं डोकं दुखायचं. त्या दिवशी मात्र त्या रजिस्टर उघडून नुसत्या बसून होत्या.

"मामा, दुसरा काही मार्ग निघतो का बघू," मी म्हणालो.

"नगं सर. पोरीचं आडलंय. घाला तारीख."

"कुठली घालू?" बाईंनी विचारलं.

"आजचीच की. आजपातूर पटावर हुतोच की मी."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. पुरावा पूर्णपणे मामांच्या बाजूचा होता. बाईंनी तारीख घातली आणि कारणाच्या रकान्याशी त्यांचं पेन थांबलं. काय लिहायचं? मामांनी जन्मभर शाळा सोडल्याच्या दाखल्यांवर शिक्के मारले होते. जुडगा दोनदा कानशिलाला लागला.

"लिवा की बाई. समद्यांच्या दाखल्यावर असतंय त्येच." मग एकदम शुद्ध भाषेत, एकेक शब्द सुटा करत, म्हणाले, "पुढील शिक्षणासाठी."

बाईंनी तसंच लिहिलं. नंतर किती तरी वेळ त्या चष्मा पुसत होत्या.

दुसऱ्या दिवशी पहिला टोल पाच मिनिटं उशिरा झाला. आजारी असतील म्हणून मी मामांच्या घरी गेलो, तर ते कट्ट्यावर शेंगा फोडत बसलेले. "शाळेत का आला नाहीत?"

"दाखला घेतल्याला पोरगा शाळंत येतोय व्हय?" त्यांनी किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात ठेवला. "फाटकावर ह्यो नियम मीच पाळलाय सर."

त्यानंतर ते फाटकाच्या आत आले नाहीत. गेल्या थंडीत मामा गेले. नात तिसऱ्या वर्षाला आहे.

आता पोर आठवडाभर दिसलं नाही की मी गाडी काढतो. दारात गेलो की मामांचं वाक्य ओठांवर येतं, पण माझ्याकडे शाळा-कॉलेज सोडल्याचे चार दाखले आहेत. मला ते म्हणता येत नाही. मग मी उंबऱ्यावर बसतो आणि चहा मागतो. तिसऱ्या कपापर्यंत उठत नाही.