नणंदेने चोरलेलं बाळ

माझ्या नणंदेने आमच्या रुग्णालयातून बाळ चोरलं, तेही माझ्याच सांगण्यावरून. बाळ म्हणजे रबरी बाहुली होती. पण त्या दुपारी ही गोष्ट आम्हा तिघाचौघांनाच माहीत होती, आणि सगळा घोटाळा तिथेच झाला.

मी तेव्हा वर्धा जिल्ह्यातल्या एका मध्यम आकाराच्या रुग्णालयात प्रसूती विभागाची इनचार्ज सिस्टर होते. सुरक्षा समितीत जायला कोणी तयार नव्हतं म्हणून तिथेही माझंच नाव घातलेलं. आमच्या मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं की आग विझवायचे सराव पुष्कळ झाले, आता कोणी बाळ पळवलं तर आपले लोक काय करतात ते पाहायचं. यासाठी शब्द ठरलेला असतो, 'कोड पिंक'. माईकवर तो ऐकू आला की गार्डने दारं लावायची आणि हातात बाळ किंवा मोठी पिशवी असलेल्या प्रत्येकाला थांबवायचं. 'कोड ब्लू' म्हणजे कोणाचं तरी हृदय बंद पडलंय, डॉक्टरांनी धावायचं. नातेवाईक घाबरू नयेत म्हणून हे शब्द त्यांना मुद्दामच समजावून सांगितलेले नव्हते.

चोर कोण होणार, हा प्रश्न होता. आमच्यातल्या प्रत्येकाला गार्ड ओळखत होता. नेमक्या माझ्या मोठ्या नणंदबाई गुडघे दाखवायला वडनेरहून आमच्याकडे आल्या होत्या. मी भीतभीतच विचारलं.

"मले चोरी जमन का, वैनी?" त्या म्हणाल्या. मग स्वतःच उत्तर दिलं, "जमलीच पाह्यजे. तुह्या नोकरीचा सवाल हाय."

माझ्या नोकरीचा काही सवाल नव्हता, पण त्या तयार झाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्या लग्नाकार्यात नेसतात ती हिरवी साडी नेसून तयार. मी म्हटलं, ताई, साधी साडी चालली असती. "चांगल्या साडीवालीले कोनी अडवत नाई," त्या म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर त्यांनी विचारलं, पोरगा की पोरगी? मी म्हटलं, बाहुली आहे. "तरी कोनी विचारलं त सांगा लागन नं." मग पोरगी ठरली.

ती बाहुली आम्ही नव्या आयांना बाळ कसं धरायचं ते शिकवायला वापरत असू. तिला टोपडं घालून, दुपट्यात गुंडाळून मी एका रिकाम्या खाटेजवळच्या पाळण्यात ठेवली आणि बाहेर येऊन मोठ्या डॉक्टरांसोबत औषधांच्या खिडकीआड उभी राहिले. तिथून वॉर्डाचं दारही दिसायचं आणि बसायचा हॉलही.

भेटीची वेळ सुरू झाली. ताई आत गेल्या आणि लगेच दुपटं छातीशी धरून बाहेर आल्या. दाराशी गार्ड होता. बाळाच्या पायातली आईच्या नावाची पट्टी आणि सुटीचा पास पाहिल्याशिवाय सोडायचं नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं.

"मावशी, कोनाचं बाळ?"

"नातीन हाय माही."

"बरं बरं. तोंडावरून पदर घ्या, बाहेर लय हवा हाय," असं म्हणून त्याने स्वतः दार उघडून धरलं. मोठ्या डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी औषधांच्या खोक्यांकडे पाहिलं.

ताईंनी सरळ बाहेर पडायचं होतं. पण त्यांचे गुडघे बोलायला लागले आणि त्या हॉलमधल्या बाकावर टेकल्या. शेजारी रोहणा गावची एक आजी बसली होती. तिची सून सकाळपासून बाळंतपणाच्या खोलीत होती, मुलगा फेऱ्या मारत होता, आणि आजीला कोणाचं तरी बाळ पाहायचंच होतं.

"पाह्यू द्या नं बाई, तोंड तरी."

"झोपलं हाय," ताई म्हणाल्या.

आजीने तोवर पदर बाजूला केलाच होता. त्या बाहुलीचा एक डोळा मिटत नसे. "झोपलं कुठी? एक डोया त उघडा हाय."

"माह्या भावाच्या घरचे सारे असेच झोपतात," ताई म्हणाल्या. भाऊ म्हणजे माझे यजमान. आमच्या शेजारी उभ्या औषधवाल्याने तोंडावर रुमाल धरला.

आजी हसली नाही. तिने बाहुलीच्या गालाला हात लावला, मग कपाळाला. तिचा चेहरा उतरला. "बाई, हे लेकरू गार पडलं," एवढंच ती म्हणाली आणि ताईंच्या हातातून दुपटं हिसकून घेऊन अपघात विभागाकडे पळत सुटली. सत्तरीची बाई इतकी पळू शकते हे मला माहीत नव्हतं. ताई मागून लंगडत निघाल्या, "अवं, मी सांगतो तुमाले, थांबा त."

नेमकं त्याच वेळी वॉर्डात ड्यूटीवरच्या सिस्टरला मघाशी बाळ होतं तो पाळणा रिकामा दिसला. माईकवर 'कोड पिंक' आलं. अपघात विभागातल्या नव्या सिस्टरने आजीचा अवतार पाहिला आणि दुपटं न उघडताच फोन उचलला. लगेच 'कोड ब्लू' आलं.

हॉलमध्ये कोणीतरी म्हणालं, "पिंक म्हनजे पोरगी, ब्लू म्हनजे पोरगा. जुये झाले कोनाले तरी." सकाळपासून बाळंतपणाच्या खोलीत रोहण्याच्या आजीचीच सून होती. सगळ्यांनी आजीच्या मुलाकडे पाहिलं. तो खाली बसला, मग उठून पेढे आणायला धावला. पण गार्ड आता जागा झाला होता. त्याने फाटकाला कुलूप लावलं होतं आणि तो कोणालाच सोडत नव्हता. पेढ्यांसाठी घेतलेली रिकामी पिशवीसुद्धा त्याने उलटी करून पाहिली.

मी अपघात विभागात पोचले तेव्हा तरुण डॉक्टरने टोपडं काढलेलं होतं आणि तो बाहुलीकडे नुसता बघत होता. आजी भिंतीला टेकून उभी होती. मी तिला खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं, सगळं सांगितलं. तिला पटायला वेळ लागला. बाहुली हातात घेऊन तिने उलटीसुलटी केली.

"मंग हे खरं नाई?"

"नाही आजी."

"बरं झालं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "पन तुमाले दुसरा धंदा नाई का?"

मोठे डॉक्टर तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. मलाही हसू येत होतं आणि ते येऊ नये असंही वाटत होतं. बाहुली आहे हे ठाऊक असूनही ती धावली तेव्हा मीही तिच्यामागे धावलेच होते.

संध्याकाळी तिच्या सुनेला मुलगी झाली, एकच. जुळ्यांचं ऐकून बसलेल्या बापाला ते समजवायला सिस्टर लोकांना बराच वेळ लागला.

बैठकीत ठरलं की पुढच्या वेळी हॉलमधल्या लोकांना आधी सांगायचं, आणि गार्डला रागवायचं नाही, पुन्हा शिकवायचं. ताई वडनेरला गेल्या आणि तिथे ही हकिगत त्यांनी अशी सांगितली की अर्ध्या गावाला त्यांना खरंच पोलिसांनी धरलं असं वाटतं.

पुढे एका दुपारी देवळीचं एक कुटुंब खरंखुरं बाळ घेऊन सुटी होऊन निघालं होतं. पास होता, पण बाळाच्या पायात पट्टी नव्हती. गार्डने त्यांना हात जोडून खुर्च्या दिल्या, आणि दार काही उघडलं नाही. बाळाचे आजोबा चिडले, माझ्यावर ओरडले. शेवटी पट्टी बाळाच्या मोज्यात सापडली. मी त्यांची माफी मागितली, गार्डनेही मागितली. ते गेल्यावर तो मला हळूच म्हणाला, "सिस्टर, मी गालाले हात लावूनबी पाह्यलं. गरम होता."