न दिसणारी रेघ

फोन उचलला तर पलीकडून कुणी बोलेना. असा फोन फक्त वहिनीचा. घशाच्या ऑपरेशननंतर तिची नुसती कुजबुज उरली होती, त्या दिवशी तीही फुटत नव्हती... मी सिन्नरहून मिळेल त्या जीपने नाशिकला पोचलो. माझा थोरला भाऊ, नाना, गेला होता. त्याला आता दोन महिने होतील. भेटायला येणारी माणसं संपली, धावपळ संपली, थकवा मात्र संपत नाही.

नानाने आयुष्यभर ओझरच्या कारखान्यात विमानांची ड्रॉइंग्ज काढली. वहिनी गंगापूर रोडला गाणं शिकवायची. तिचा आवाज गेला आणि निवृत्त झालेला नाना तिच्या जुन्या कॅसेटी आणि कॉम्प्युटर घेऊन बसला. तिचं गाणं शिष्यांसाठी कागदावर उतरवायचं, एवढं एकच डोक्यात. अक्षरं टाइप केली की स्वरलिपीचं पान काढून देणारा एक फुकटचा प्रोग्रॅम त्याने मिळवला होता. बंदिशी भराभर झाल्या. घोडं अडलं ते आलापाशी. आलापाला ताल नसतो, आणि हा पठ्ठ्या प्रोग्रॅम मात्रा मोजून उभ्या रेघा ओढायचाच. पान बघून वहिनी कुजबुजली, "अहो, हे मी गायलेलंच नाही."

शेवटी मोजणं थांबवायची आज्ञा सापडली. "याच्या पोटातलं घड्याळ चालूच राहतं," नाना खुशीत मला सांगत होता, "फक्त मात्रा मोजणं सोडून देतो. परत सांगितलं की सोडलं तिथून पुढे मोजतो." पण छापलं, तर अख्खा आलाप एकाच ओळीत कागदाबाहेर! ओळ मोडायची ती रेघेपाशीच, ही प्रोग्रॅमची खोड. रेघच नाही, तर मोडणार कुठे? न दिसणारी रेघ घालायची सोय होती. मी वैतागून म्हणालो, "मग टाक की कुठेही, कोण बघतंय?"

तो माझ्यावर चिडलाच. "कुठेही कशी टाकू? तिचा श्वास तुटेल ना!"

मग त्या दोघांचं ठरून गेलं. कॅसेट लागायची, नाना खुर्चीत, वहिनी मागे उभी. टेपवरच्या आवाजाने दम घेतला की ती त्याच्या खांद्यावर बोट टेकवायची. तिथे तो ती रेघ घालायचा. छापल्यावर ओळ नेमकी तिथेच वळायची. आवाज गेल्यापासून वहिनी पहिल्यांदा हसली ती असं पहिलं पान हातात आल्यावर.

शेवटचा आलाप राहिलाय. स्वर सगळे टाइप झालेत, रेघा निम्म्यापर्यंतच. पुढचं सगळं कागदाबाहेर... गेल्या रविवारी मी म्हटलं, "वहिनी, मी बसतो. शिकेन हळूहळू."

"नको, भाऊजी. अजून नको."

तरी कॅसेट तिने लावली. मी दाराशी उभा होतो. टेपवर तिच्या आवाजाने दम घेतला, आणि वहिनीचं बोट रिकाम्या खुर्चीच्या पाठीवर टेकलं. आलाप पुढे गेला. बोट तिथेच राहिलं.